जेलातल्या माणसाचा फोटो : कोण काढू शकतो, कोणाला विचारून, आणि तो आपल्या मोबाईलवर आला तर काय करायचं?

कोंढा (ता. पवनी) : गावात कुणाला पोलिसांनी उचललं की तासाभरात त्याचा फोटो मोबाईलवर येतो. माणूस ठाण्याच्या आवारात मान खाली घालून उभा, दोन बाजूंना दोन शिपाई. पानठेल्यावर बसलेल्यापासून बांधीत रोवणी करणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात तो फोटो जातो. खाली लिहिलेलं असतं, 'आरोपी जेरबंद'. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस कोर्टातून निर्दोष सुटला, तर त्या दिवशी त्याचा फोटो कुणी टाकत नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये जुनाच फोटो राहतो.

याच्या अगदी उलट पद्धतीनेही तुरुंगातल्या माणसांचे फोटो काढले जातात. काही छायाचित्रकार रीतसर परवानगी काढतात, आत जातात, त्या माणसाशी बोलतात, त्याला विचारतात आणि मगच कॅमेरा उचलतात. याला डॉक्युमेंटरी पोर्ट्रेट म्हणतात. म्हणजे एखाद्या माणसाची खरी परिस्थिती नोंदवून ठेवणारं त्याचं छायाचित्र. हे कसं होतं, कायदा काय सांगतो आणि आपल्या गावातल्या ग्रुपवर आलेल्या फोटोशी त्याचा काय संबंध, ते समजून घेऊ.

आधार कार्डावरचा फोटो आणि भिंतीवरचा फोटो

आधार कार्डावरचा आपला फोटो आठवा. समोर बघा, हलू नका, झालं. तो फोटो ओळख पटवण्यासाठी असतो. घराच्या भिंतीवर लावलेला आजोबांचा फोटो वेगळा असतो. आजोबांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नीट बसवली होती, स्टुडिओवाल्याने खुर्चीवर बसवून हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. त्या फोटोत आजोबा कसे दिसावेत, हे थोडंफार आजोबांनीच ठरवलं होतं.

तुरुंगातल्या माणसाचेही असेच वेगवेगळे फोटो असतात. पहिला पोलिसांच्या नोंदीचा. दुसरा बातमीचा किंवा व्हॉट्सॲपचा, जो बहुतेक वेळा त्याला न विचारताच काढलेला असतो. तिसरा डॉक्युमेंटरी पोर्ट्रेट. पहिल्या फोटोला कायद्याचा आधार आहे. तिसऱ्याला परवानगी आणि त्या माणसाचा होकार लागतो. दुसऱ्याला अनेकदा दोन्ही नसतात, आणि सगळ्यात जास्त पसरतो तोच.

पोलीस फोटो का काढतात?

समोरून एक आणि बाजूने एक, असा फोटो काढण्याची पद्धत पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फोन्स बर्तिलाँ याने १८८० च्या दशकात पक्की केली. पुन्हा पकडला गेलेला माणूस नाव बदलून सांगतो, म्हणून चेहरा आणि शरीराची मापं नोंदवून ठेवायची, हा त्यामागचा हेतू. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडे इंग्रजांनी १९२० मध्ये कैद्यांच्या ओळखीसाठी कायदा केला. बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला त्यात मुभा होती. हा कायदा तब्बल शंभर वर्षे चालला. त्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ आला. ४ ऑगस्ट २०२२ पासून तो लागू आहे. आता ठसे आणि फोटोंसोबत डोळ्यांच्या बुबुळांची नोंदही घेता येते. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे, ७५ वर्षे ठेवता येते.

यात एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा कायद्याचे सगळे मार्ग संपल्यावर निर्दोष ठरला, तर त्याची ही नोंद नष्ट करायची, असं याच कायद्यात लिहिलं आहे. कोर्टाने लेखी वेगळा आदेश दिला असेल तरच ती ठेवता येते. म्हणजे सरकारी दप्तरातला फोटोसुद्धा सुटलेल्या माणसाच्या मागे कायम राहू नये, अशी तरतूद आहे. व्हॉट्सॲपला मात्र अशी कुठलीच मुदत नाही.

फोटो तोच, अर्थ बदलतो

भगतसिंगांचा खाटेवर बसलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. केस मोकळे, हातात बेडी, शेजारी चौकशी करणारा अधिकारी. तो १९२७ चा, लाहोरला पोलिसांच्या ताब्यात असतानाचा आहे. त्या वेळी इंग्रज सरकारच्या दृष्टीने तो एका संशयिताचा फोटो होता. आज तोच फोटो शाळेच्या भिंतीवर आदराने लावला जातो.

त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर याचा कैदेतला फोटो निघाला. रंगूनला पाठवण्याआधी दिल्लीत इंग्रजांच्या पहाऱ्यात असलेला, अंथरुणावर टेकलेला थकलेला म्हातारा त्यात दिसतो. काढणाऱ्याला हरलेला राजा दाखवायचा असेल. आज बघणाऱ्याला त्यात एक आजारी म्हातारा माणूस दिसतो.

फोटो स्वतःहून काही बोलत नाही. तो कुणी काढला, कशासाठी काढला आणि खाली काय लिहिलं, यावर बघणाऱ्याचं मत बनतं. 'आरोपी जेरबंद' हे दोन शब्द खाली आले की त्या चेहऱ्यात आपल्याला गुन्हेगारच दिसायला लागतो.

चौदा महिने तुरुंगात ये-जा करणारा छायाचित्रकार

तुरुंगातल्या डॉक्युमेंटरी फोटोग्राफीचं नाव निघालं की अमेरिकेचा डॅनी लायन आठवतो. १९६७-६८ मध्ये तो टेक्सास राज्यातल्या तुरुंगांत चौदा महिने फोटो काढत होता. त्याच्या फोटोंत कापसाच्या शेतात रांगेने राबणारे कैदी आहेत आणि त्यांच्यावर घोड्यावर बसून पहारा देणारे शिपाई आहेत. विदर्भातल्या माणसाला ते कापसाचं वावर ओळखीचं वाटेल, फक्त वेचणाऱ्यांच्या अंगावर सगळ्यांचे सारखे पांढरे कपडे.

१९७१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. फक्त स्वतःचे फोटो छापून तो थांबला नाही. बिली मॅक्यून नावाच्या एका कैद्याची पत्रं आणि त्याने काढलेली चित्रंही त्याने त्यात छापली. म्हणजे ज्याचा फोटो काढला, त्यालाही आपलं म्हणणं मांडायला जागा दिली. चांगल्या डॉक्युमेंटरी कामाची ही खूण आहे. तिथे चेहऱ्यासोबत त्या माणसाचा आवाजही येतो.

मुंबईची केस : शीला बर्से आणि टेपरेकॉर्डर

असा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. त्यात कॅमेरा नव्हता, टेपरेकॉर्डर होता. पण मुद्दा तोच : बाहेरच्या माणसाने आत जाऊन कैद्याची नोंद घ्यावी का, आणि कशी?

मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांशी बोलणी केली. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. निर्मला निकेतन या मुंबईच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून खरी परिस्थिती तपासली.

फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल लागला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा आणि तिथे महिला शिपायांचाच पहारा असू द्या. महिलेची चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच करा. अटक झाल्याबरोबर नातेवाइकाला कळवा. दंडाधिकाऱ्यासमोर आणलेल्या माणसाला 'पोलिसांनी छळ केला का' असं विचारा. आज ठाण्यात कुणाला अटक झाली की घरी फोन येणं आपण गृहीत धरतो. त्यामागे जे निकाल आहेत, त्यातला हा एक महत्त्वाचा. त्याची सुरुवात झाली पंधरा बायांचं बोलणं कुणीतरी बसून ऐकलं म्हणून.

पुढे बर्से यांना महाराष्ट्रातल्या तुरुंगांत महिला कैद्यांच्या मुलाखती घ्यायची परवानगी मिळाली. त्या मुलाखती टेप करू लागल्यावर ती परवानगी थांबली. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही बाजूंचा विचार केला. तुरुंगात काय चाललंय हे कळण्याचा हक्क नागरिकांना आहे, म्हणून पत्रकारांना आत जाण्याची वाट असावी. पण ती मोकाट नसावी, वाजवी बंधनं पाळावीत. टेप करायचं असेल तर खास परवानगी घ्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कैद्याची इच्छा असेल तरच मुलाखत घ्यावी, जबरदस्ती चालणार नाही.

याआधी १९८१ मध्ये दिल्लीच्या पत्रकार प्रभा दत्त यांच्या प्रकरणातही असंच म्हटलं होतं. फाशीची शिक्षा झालेले रंगा आणि बिल्ला यांना भेटण्याची परवानगी न्यायालयाने दिली, पण ते भेटायला तयार असतील तरच. विचार करा, फाशी जाहीर झालेल्या माणसालासुद्धा 'मला बोलायचं नाही' म्हणायचा हक्क आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

बर्से यांच्यानंतर चाळीस वर्षांनी मुंबईच्याच पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगात जातीवरून कामं वाटली जातात, यावर बातम्या केल्या आणि मग याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीभेदाचे नियम रद्द केले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. आतल्या माणसाची नीट नोंद झाली, तर बाहेरचे नियम बदलतात, याची ही दोन ठळक उदाहरणं.

आज फोटोसाठी आत जायचं असेल तर?

तुरुंग हा राज्य सरकारचा विषय आहे. आपल्या राज्याच्या कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. आपल्या जिल्ह्यासाठी भंडाऱ्याला जिल्हा कारागृह आहे. मोठी शिक्षा झालेले कैदी बहुधा नागपूरसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातात.

२०१५ मध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणावर एका परदेशी वाहिनीने केलेल्या माहितीपटावरून मोठा वाद झाला. त्यात तिहार तुरुंगातल्या एका दोषी कैद्याची मुलाखत होती. देशात त्या माहितीपटाच्या प्रसारणावर बंदी आली. त्यानंतर जुलै २०१५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

– माहितीपट, लेख किंवा मुलाखतीसाठी खाजगी व्यक्ती, पत्रकार किंवा संस्थेला साधारणपणे आत सोडू नये. समाजाला उपयोग होईल किंवा तुरुंग सुधारणेला मदत होईल असं काम असेल, तर राज्य सरकार परवानगी देऊ शकतं.
– किमान ३० दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि हमीपत्र द्यावं लागतं.
– एक लाख रुपये अनामत ठेवावी लागते.
– मोबाईल, कागद, पेन आत नेता येत नाही. ठरलेला कॅमेरा किंवा रेकॉर्डरच नेता येतो.
– काम झाल्यावर यंत्रसामग्री तीन दिवस अधीक्षकांकडे तपासणीसाठी द्यावी लागते.
– तयार झालेलं काम आधी दाखवून ना-हरकत घेतल्याशिवाय बाहेर आणता येत नाही.

या बंधनांमुळे आपल्याकडे तुरुंगातल्या माणसांचे चांगले पोर्ट्रेट फार कमी दिसतात. एक लाख अनामत भरणं एखाद्या तालुक्याच्या छायाचित्रकाराला झेपणारं नाही. सुरक्षेसाठी बंधनं लागतात, हे कुणीही मान्य करेल. भिंतीची उंची, फाटकाची जागा, पहाऱ्याची वेळ फोटोतून बाहेर जाऊ नये. पण दारच बंद राहिलं, तर आतला माणूस आपल्याला फक्त सिनेमात किंवा ठाण्याच्या आवारातल्या त्या फोटोतच दिसतो. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं ते गाव. चित्रपट सगळ्या देशाने पाहिला. तिथे खरोखर राहिलेल्या कैद्यांचे चेहरे मात्र फार थोड्यांना माहीत आहेत.

चांगला पोर्ट्रेट कसा काढतात?

समजा परवानगी मिळाली. मग काम कसं चालतं?

पहिल्या भेटीत जाणता छायाचित्रकार शक्यतो कॅमेरा बाहेर काढत नाही. आधी बसून बोलतो. फोटो कशासाठी, कुठे छापला जाईल, कुणाकुणाला दिसेल, हे त्या माणसाच्या भाषेत सांगतो. फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढतो. उभं राहून खाली बसलेल्याचा फोटो वरून काढला की तो माणूस आपोआप लहान दिसतो. खिडकीतून येणारा उजेड वापरतो. गज मुद्दाम पुढे आणत नाही, कारण गज आले की बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावरून उडतं.

तपशीलही बोलतात. खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्याला घरचे कपडे घालता येतात. शिक्षा झालेल्याला तुरुंगाचे कपडे असतात. कुणाच्या हातात घरून आलेलं पत्र असतं, कुणाच्या मांडीवर लेकरू असतं. सहा वर्षांपर्यंतची मुलं कैदी आईसोबत आत राहू शकतात. अशा आईचा फोटो काढताना लेकराचा चेहरा दाखवायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं. त्या लेकराने कुठलाच गुन्हा केलेला नाही, आणि उद्या त्याला शाळेत जायचं आहे.

ज्यांना चेहरा दाखवायचा नसतो, त्यांचाही पोर्ट्रेट होऊ शकतो. फक्त हात, पाठमोरी आकृती, भिंतीवर पडलेली सावली. चरख्यावरचे किंवा सुतारकामातले हातसुद्धा माणसाबद्दल खूप सांगतात.

जेलात म्हटलेलं 'हो' खरंच 'हो' असतं का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. बाहेर कुणी फोटो मागितला तर आपण 'नको जी' म्हणून निघून जातो. आत ते सोपं नसतं. बाजूला अधिकारी उभा असतो. नाही म्हटलं तर साहेब रागावतील का, मुलाखत बंद होईल का, अशी भीती असते. हो म्हटलं तर लवकर सुटायला मदत होईल, असा गैरसमजही असतो. वाचता न येणाऱ्याला कागदावर अंगठा लावायला सांगितला, तर तो लावतो.

म्हणून होकार एकदा घेऊन भागत नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं, काढल्यावर दाखवायचं, छापण्याआधी पुन्हा विचारायचं. 'आता नको' म्हटलं तर फोटो बाजूला ठेवायचा. घरच्यांनाही विचारलेलं बरं. फोटो एकाचा असतो, पण लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात बायकोला, आईला आणि लग्नाच्या वयाच्या बहिणीला.

दुसरी बाजूही आहे. ज्यांचं माणूस मारलं गेलं, ज्या घरावर अत्याचार झाला, त्यांना आरोपीचा सुंदर उजेडातला फोटो पाहून काय वाटेल? हा राग खरा आहे. म्हणून अशा फोटोसोबत गुन्हा लपवायचा नसतो आणि कैद्याला हिरोही करायचं नसतं. गुन्हा काय, खटला कुठल्या टप्प्यावर, शिक्षा झाली की नाही, हे स्वच्छ लिहायचं. पीडित घराच्या नावागावाची मात्र काळजी घ्यायची.

आत असलेले सगळे गुन्हेगार असतात का?

आकडे बघा. एनसीआरबीच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे सुमारे ७६ टक्के. दर चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. पुढे काहींना शिक्षा होते, काही सुटतात. फोटो पाहून कोण कुठल्या बाजूचा, हे सांगता येत नाही.

फॉरवर्ड केल्याने फिर्यादीचंही नुकसान होतं

हे फार थोड्यांना माहीत असतं. चोरी, लूट, मारहाण अशा गुन्ह्यात साक्षीदाराने अनोळखी आरोपीला पाहिलं असेल, तर ओळख परेड घेतात. सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत आरोपीला उभं करतात आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचं असतं. आता हा चेहरा आदल्या दिवशीच गावाच्या ग्रुपवर फिरला असेल तर? आरोपीचा वकील कोर्टात विचारेल, 'तुम्ही याला घटनेच्या वेळी पाहिलं की मोबाईलवर?' तिथे साक्ष कच्ची पडते. म्हणजे ज्या रागाने आपण फोटो फॉरवर्ड केला, त्याच फॉरवर्डने खरा आरोपी सुटायला मदत होऊ शकते.

म्हणूनच केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्येच पोलिसांना कळवलं होतं की अटक केलेल्यांचं माध्यमांसमोर प्रदर्शन करू नये आणि ज्यांची ओळख परेड व्हायची आहे त्यांचे चेहरे दाखवू नयेत. बातम्यांत आरोपीच्या तोंडावर काळा कपडा दिसतो, त्यामागचं एक कारण हे आहे.

मोबाईल हातात असताना हे पाळा

१) अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो कधीच टाकू नका. कायद्याशी संघर्षात आलेलं मूल असो की पीडित मूल, त्याचं नाव, शाळा, फोटो उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

२) लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपीच्या फोटोवरून पीडितेची ओळख पटत असेल, तर तोही टाकू नका. आरोपी घरातला किंवा शेजारचा असतो तेव्हा गावाला लगेच कळतं. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

३) ई-मुलाकातीचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवू नका. व्हिडिओवर आपल्या माणसाचा चेहरा दिसला की जीव भरून येतो, हे खरं. पण तो क्षण घरात राहू द्या.

४) आत असलेल्या आपल्या माणसाचा फोटो कुणी मागितला तर आधी विचारा : तुम्ही कोण, परवानगीचा कागद कुठे, फोटो कुठे छापणार, नाव देणार का? खटला चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. 'नाही' म्हणायचा हक्क आहे, आणि 'नाही' म्हटलं म्हणून खटल्यावर काही परिणाम होत नाही.

५) वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या किंवा तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा टोल फ्री नंबर आहे.

६) माणूस निर्दोष सुटला तर निकालाची प्रत सांभाळून ठेवा. ज्या न्यूज पोर्टलने अटकेचा फोटो टाकला, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ती प्रत जोडून लेखी मागणी करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक डिजिटल बातमी संस्थेला असा अधिकारी नेमावा लागतो आणि १५ दिवसांत तक्रारीवर निर्णय द्यावा लागतो. पोलीस नोंद काढण्यासाठीही २०२२ च्या कायद्याचा आधार घेऊन वकिलामार्फत अर्ज करा.

७) ग्रुप ॲडमिनने एक साधा नियम करावा : अटकेची बातमी चालेल, चेहरा नको. आणि अटकेचा फोटो ग्रुपवर फिरला असेल, तर सुटल्याची बातमीही त्याच ग्रुपवर टाकावी.

शेवटी काय?

तुरुंगात कधी ना कधी दार उघडतं. जामिनावर, संचित रजेवर, शिक्षा भोगून किंवा निर्दोष सुटून माणूस परत गावातच येतो. त्याला पुन्हा वावरात मजुरी मागायची असते, सोसायटीत रांगेत उभं राहायचं असतं, लेकीच्या शाळेच्या कागदावर सही करायची असते. त्या वेळी गाव त्याच्याकडे कसं बघतं, हे बरंचसं आपण त्याचा कुठला फोटो जपून ठेवला यावर ठरतं. रीतसर विचारून काढलेला पोर्ट्रेट आपल्या तालुक्यात कधी येईल ते येवो. विचारल्याशिवाय आलेला फोटो पुढे न पाठवणं मात्र आजच आपल्या अंगठ्याच्या हातात आहे.